रूळ तुमच्या घरात वाकले नाहीत, आमच्याकडेच वाकले

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की आमच्या खेळण्यातल्या आगगाडीच्या चोवीस प्लास्टिक रुळांपैकी सात वाकडे निघाले, इंजिन दर फेरीला त्याच वळणावर घसरतं, आणि आमच्याकडे तक्रार केल्यावर ‘उन्हात ठेवले असतील, जोर लावून बसवा’ असं उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी मुलाने स्वतःच गाडी खोक्यात भरून ठेवली, हे वाचून फार वाईट वाटलं. ते उत्तर चुकीचं होतं. कारखाना माझा आहे, म्हणून माफीही मीच मागतो.

तुमचा फोटो मी मोठा करून पाहिला. टेबलाच्या काचेवर सरळ रूळ ठेवलाय, दोन्ही टोकं टेकली आहेत आणि मधल्या फटीत नाणं आरामात बसलंय. उन्हाने वाकलेले तुकडे सहसा एकसारखे नसतात. जो तुकडा जसा पडलेला असेल, ज्या बाजूने तापला असेल, तसा तो वाकतो. तुमचे सातही एकाच दिशेला आणि जवळजवळ एकाच मापाने वाकलेत. अशी चूक बनवणाऱ्याकडेच होते.

म्हणून त्याच लॉटची आमच्याकडे उरलेली तेरा खोकी उघडली आणि एकेक रूळ काचेवर ठेवून कोपऱ्यावर बोट दाबून पाहिलं. सपाट रूळ गप्प बसतो, पीळ पडलेला टकटक वाजतो. नऊ खोक्यांत तो आवाज आला. त्या लॉटच्या वेळी साच्यातून निघालेले तुकडे पुरते निवण्याआधीच रबर लावून गठ्ठे बांधले गेले होते. वितळलेलं प्लास्टिक साच्यात थंड होताना आकसतं. रुळाची वरची पाठ जाड, खालच्या पट्ट्या पातळ, त्यामुळे पातळ भाग आधी आवळतो आणि जाड भाग मागाहून आकसत सगळा तुकडा आपल्याकडे ओढतो. तेव्हा रूळ सपाट जागी मोकळा पडायला हवा. आमचे रूळ नेमके त्याच वेळी रबराखाली दाबले गेले आणि त्याच आकारात घट्ट झाले.

‘हलक्या प्रतीचं प्लास्टिक वापरलंय’ या तुमच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. रूळ पॉलिप्रॉपिलीनचे आहेत आणि ते आम्ही जाणून निवडलंय. मुलं रुळांवर उभी राहतात, गुडघे टेकतात. तेव्हा हे प्लास्टिक लवतं, फुटून टोकदार तुकडे होत नाहीत. त्याची खोड अशी की थंड होताना ते साधारण १ ते २.५ टक्के आकसतं, तर एबीएस हे खेळण्यांतलं दुसरं प्लास्टिक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणजे ते वापरायचं तर निवायला वेळ द्यायलाच हवा, आणि तो आम्ही दिला नाही. प्लास्टिकच्या खेळण्यांचं हे दुखणं जुनं आहे. लेगोचे ठोकळे आधी सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लास्टिकचे असत, ते पुढे वाकत आणि त्यांचा रंग उतरे. १९६३ मध्ये त्यांनी एबीएस घेतलं.

आता त्या वळणाबद्दल. आपल्या संचात ४५ अंशांच्या आठ तुकड्यांचं वर्तुळ होतं. एका तुकड्याला पीळ असेल तर पुढचा सांधा किंचित वर उचलला जातो, त्यापुढचा आणखी थोडा, आणि आठव्या सांध्याशी उंबरठ्यासारखी पायरी तयार होते. इंजिनाचं पुढचं चाक त्या पायरीवर चढतं, ओढणारं चाक अधांतरी फिरतं आणि गाडी आडवी होते. ‘जोर लावून बसवा’ हा सल्ला म्हणूनच घातक होता. जोर लावला की जोडाची जीभ वाकते, आणि मग तो तुकडा सपाट केला तरी सांधा ढिलाच राहतो.

तुम्हाला सातच नव्हे, चोवीसही रूळ नवीन पाठवतोय. बाकीचे सतरा त्याच लॉटचे आहेत, त्यांच्यावर माझा भरवसा नाही. जुने परत पाठवायची गरज नाही, खर्च आमचा.

काहींनी विचारलंय की घरात खरोखरच उन्हाने किंवा वजनाखाली वाकलेले जुने रूळ सरळ होतील का. बरेचसे होतात. पाणी चांगलं गरम करा, पण उकळतं नको, सत्तर-ऐंशी अंश पुरे. हे काम मोठ्यांनीच करायचं. रूळ दोन-तीन मिनिटं बुडवून, चिमट्याने काढून सपाट फरशीवर ठेवा, वर फळी आणि तिच्यावर सगळीकडे सारखं बसेल असं वजन. रात्रभर हलवू नका. अर्ध्या तासात उचललं तर बाक परत येतो. पीळ असेल तर वजनाने भागत नाही. रूळ गरम असतानाच रुमालाने दोन्ही टोकं धरून उलट दिशेला, हवं त्याहून जरा जास्त पिळून, निवेपर्यंत धरून ठेवावा लागतो. केस वाळवायच्या यंत्राने हे करू नका, त्याची धग एकाच जागी बसते आणि सगळ्यात आधी पातळ जीभच मऊ पडते. ओव्हन तर मुळीच नको. दिवा किंवा स्विच असलेला रूळ पाण्यात घालू नका. आणि ठेवताना रूळ आडवे, सपाट ठेवा. उभे कोंबून वर डबे रचले की महिनोन् महिन्यांच्या दाबानेही ते वाकतात.

पण हे सगळं वापरून जुन्या झालेल्या रुळांसाठी. नव्या खोक्यातला वाकडा रूळ तुम्ही सरळ करत बसायचं नाही, तो आम्ही बदलून द्यायचा. ज्यांच्याकडे याच लॉटचं खोकं आहे त्यांनी रूळ काचेवर ठेवून पाहावेत आणि एकही टकटक वाजला तर कळवावं. इथे आता गठ्ठे बांधणं बंद केलंय. रूळ रात्रभर फळ्यांवर मोकळे राहतात आणि सकाळी काचेवर तपासूनच खोक्यात जातात.

ताई, नवीन रूळ आले की आधी वर्तुळच जोडा. आठवा तुकडा दोन बोटांनी, जोर न लावता बसायला हवा. नाही बसला तर इथेच लिहा, उत्तर मी स्वतः देईन.