पुरात घर गेलं की गृहकर्ज माफ होतं? अजिबात नाही

दर पावसाळ्यात फिरणारा एक मेसेज परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर पण आला. पुरात किंवा दरडीखाली घर गेलं तर गृहकर्ज आपोआप माफ, आरबीआयचा नियम आहे, हप्ते लगेच बंद करा, बँकेने आधीच विमा काढलेला असतो त्यामुळे तिला काही तोटा नाही, आणि कर्ज दिलं म्हणजे जागा सुरक्षित आहे हे बँकेने मान्यच केलंय. माझी आत्या चिपळूणला राहते, 22 जुलै 2021 ला तिच्या घरात पाणी माळ्याला टेकलं होतं, आणि त्या घराच्या कर्जाची अजून नऊ वर्षं बाकी आहेत. तिचा फोन आला, "म्हणजे मी येवढी वर्षं उगाच भरत्ये का रे?" तेव्हा डोकंच फिरलं माझं.

"आपोआप माफ" असा कुठलाही नियम नाही. कर्ज माणसाने घेतलेलं असतं, घर फक्त तारण असतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 68 वाचा. तारण ठेवलेली मालमत्ता कुणाचीही चूक नसताना नष्ट झाली किंवा अपुरी पडली, तर बँकेने कर्जदाराला आणखी तारण द्यायची वाजवी संधी द्यायची, आणि त्याने ते दिलं नाही तर बँक पैशासाठी दावा लावू शकते. म्हणजे मेसेज सांगतो त्याच्या बरोब्बर उलटं, भिंती वाहून गेल्या तरी कर्ज जागच्या जागी.

आणि "हप्ते बंद करा" हे तर शुद्ध पाप आहे. 90 दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, होतं, मग सरफेसी कायद्याची (ह्यात बँक कोर्टात न जाता तारण जप्त करू शकते) 60 दिवसांची नोटीस येते, सिबिल खराब होतं. ज्याच्या घरातला चिखल अजून निघाला नाही, ज्याला वायरिंग आणि प्लास्टरसाठी नवीन कर्ज लागणार, त्याचीच वाट तुम्ही बंद करताय. कशासाठी, एक फॉरवर्ड ढकलायला?

आरबीआयचं नाव अगदीच हवेतून आलेलं नाही हे मान्य. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची पुनर्रचना करायची, हप्त्यांना मुदत द्यायची, अशा सूचना बँकांना आहेत. पण ती सवलत आहे, माफी नाही, आपत्ती जाहीर व्हावी लागते आणि आपण शाखेत जाऊन मागावं लागतं.

आता विमा. आत्याची फाईल मी स्वतः उघडून बघितली. कर्जासोबत जी पॉलिसी गळ्यात मारलेली, ती कर्जदार वारला तर पैसे देणारी. चारही पानांवर पूर हा शब्द नाही! येवढी वर्षं तिला वाटत होतं घराचा विमा आहे. घरासाठी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे भारत गृह रक्षा ही ठरलेली पॉलिसी मिळते, तीत पूर, वादळ, दरड येतं. पण पैसे बांधकामाच्या खर्चाचे, जमिनीचे नाहीत, आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर क्लेम आधी कर्जखात्यात जातो.

बँकेला तोटा नाही हेही खोटं. कर्ज वीस वर्षांचं आणि घराची पॉलिसी बऱ्याचदा वर्षावर्षाची, एकदा रिन्यू करायची राहिली की बँक पण उघड्यावर. त्यात पूर एकट्यादुकट्याच्या घरात शिरत नाही, अख्खी बाजारपेठ एका दिवशी बुडते, सगळ्यांचे हप्ते एकदम अडखळतात, आणि जप्त केलेलं घर त्याच गल्लीत विकणार कुणाला? मोठी बँक देशभर पसरलेली असते, ती झेलेल. एका तालुक्यात सगळं कर्जवाटप असलेली पतसंस्था काय करेल, तिच्यातल्या ठेवी पण त्याच बुडालेल्या लोकांच्या. आरबीआयने जुलै 2022 मध्ये हवामान जोखमीवर चर्चापत्र काढलं, फेब्रुवारी 2024 मध्ये बँकांनी ही जोखीम जाहीर करावी म्हणून मसुदा आणला, ते उगाच नाही. मला तर वाटतं पुढे पूररेषेतल्या घराला कर्ज कमी मिळेल किंवा मिळणारच नाही.

राहिलं "कर्ज दिलं म्हणजे जागा सेफ". बँकेचा वकील टायटल, म्हणजे मालकी कुणाची ते, बघतो, व्हॅल्युअर भाव बघतो. पाणी कुठवर येतं ते पूररेषेच्या नकाशावर, निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नगरपरिषदेत जाऊन विचारा. आत्याचं घर कुठल्या रेषेत पडतं हे मी सोमवारी तिथेच विचारणार आहे, आणि ह्या महिन्याचा हप्ता तिने भरलाय.