‘गुलाबी वाइन हृदयाला चांगली’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या प्रोव्हान्समधल्या गुलाबी वाइनबद्दल एक लांबलचक फॉरवर्ड सध्या फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. ही रोझे वाइन रेड आणि व्हाइट वाइन मिसळून बनवतात. रोज एक ग्लास घेतली की हृदय सुरक्षित राहतं, साखरही ताब्यात राहते. वाइनने डोकं दुखतं ते सल्फाइटमुळे, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात त्या रसायनामुळे. रंग जितका फिका तितकी वाइन शुद्ध. आणि त्या भागात रोझेशिवाय दुसरी वाइनच होत नाही. माझ्या मावशीला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. तिने हा मेसेज मला पाठवून विचारलं, "सुरू करू का गं?" म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी रंगाचं बघू. काळ्या द्राक्षाचा दाणा सोलला तर आतला गर फिकट, जवळजवळ बिनरंगी असतो. रंग असतो सालीत. (अलिकांत बुशेसारख्या मोजक्या जातींचा गरही लाल असतो, पण तो अपवाद.) प्रोव्हान्समध्ये ग्रेनाश, सँसो, सिरा, मुर्वेद्र, तिबुरेन अशा काळ्या जातींची द्राक्षं एकतर लगेच दाबून रस काढतात, नाहीतर काही तास सालीसकट थंड ठेवतात. तेवढ्यात जो काही रंग उतरेल तो उतरतो, मग साल बाजूला काढतात आणि नुसता रस आंबवतात. रेड वाइन मात्र सालीसकट कित्येक दिवस आंबते.

तयार वाइन मिसळण्याचा प्रश्न युरोपात रीतसर चर्चेला आला होता. साध्या टेबल वाइनमध्ये रेड आणि व्हाइट मिसळून रोझे बनवायला परवानगी द्यावी, असा प्रस्ताव युरोपियन कमिशनने आणला. प्रोव्हान्सचे उत्पादक पेटून उठले आणि जून २००९ मध्ये कमिशनला तो मागे घ्यावा लागला. जी गोष्ट होऊ नये म्हणून हे लोक भांडले, तीच त्यांच्या नावावर खपवली जातेय. एवढं मान्य करते की रोझे शॅम्पेनमध्ये असं मिश्रण चालतं, आणि प्रोव्हान्समध्येही रोलसारखी पांढरी द्राक्षं काळ्यांच्या जोडीला वापरतात. पण शॅम्पेन हा फ्रान्सचा वेगळाच प्रदेश, आणि द्राक्षं एकत्र करणं म्हणजे तयार वाइन मिसळणं नव्हे.

आता तो घातक मुद्दा. फॉरवर्ड म्हणतो, सालीतलं रेसव्हेरेट्रॉल हृदयाला जपतं. अहो, साल तर काही तासांत काढून टाकली! रेड वाइनमध्येसुद्धा हे द्रव्य अगदी नगण्य असतं, रोझेत त्याहून कमी. ग्लासात उरतं ते अल्कोहोल. १३ टक्क्यांच्या १५० मिलिलिटर वाइनमध्ये ते सुमारे १५ ग्रॅम भरतं. अल्कोहोल कर्करोगाला कारणीभूत ठरतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदवलंय, आणि कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या त्याच पहिल्या गटात तंबाखू आहे. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. ‘थोडी पिणारे जास्त जगतात’ असं दाखवणाऱ्या अनेक जुन्या अभ्यासांत, आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही ‘न पिणाऱ्यां’त मोजले होते. मग न पिणारे आजारी दिसणारच.

मधुमेह्यांना हा सल्ला देणं तर सरळ धोक्याचं आहे. यकृत अल्कोहोल निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडण्याचं त्याचं काम मंदावतं. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली येऊ शकते, तीसुद्धा पिऊन काही तासांनी, झोपेत. घाम, थरथर, अडखळतं बोलणं ही लक्षणं बघून घरच्यांना वाटतं चढलीय, आणि उपचाराला उशीर होतो. मावशीला मी नाही म्हणून सांगितलंय. ज्यांनी हा मेसेज आपल्या आईवडिलांना पाठवलाय त्यांनी आजच फोन करून तो मोडीत काढावा.

सल्फाइटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो, आणि युरोपच्या नियमांत कोरड्या (म्हणजे गोड नसलेल्या) रोझेला लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, रेडला १५०. पण डोकेदुखीचं खापर त्यावरच फोडायचं तर रेडपेक्षा रोझेने जास्त दुखायला हवं, आणि लोकांची तक्रार असते ती बहुतेक रेडबद्दल.

फिका रंग म्हणजे शुद्धता हे निव्वळ थोतांड. रंग ठरतो द्राक्षाच्या जातीवर, तापमानावर आणि साल किती वेळ ठेवली त्यावर. शेजारच्या ऱ्होन खोऱ्यातली ताव्हेलची रोझे चांगलीच गडद असते, आणि तिच्यात कसलीही भेसळ नसते.

राहिलं ‘फक्त रोझे’. प्रोव्हान्सच्या उत्पादनात रोझेचा वाटा फार मोठा आहे, हे खरं. पण त्याच किनाऱ्यावरचं कासिस ओळखलं जातं मार्सान आणि क्लेरेत या द्राक्षांच्या व्हाइट वाइनसाठी. जवळच्याच बाँदोलमध्ये मुर्वेद्रपासून रोझेही होते आणि रेडही. त्या रेडमध्ये मुर्वेद्र निम्म्याहून कमी चालत नाही, आणि सालीसकट आंबवलेली ती वाइन निदान १८ महिने लाकडी पिंपात ठेवल्याशिवाय विकता येत नाही.