करंटच्या टेस्टने नसा जळत नाहीत

माझ्या मामेबहिणीने मुलाची ठरलेली एनसीव्ही टेस्ट (नसेला, म्हणजे मज्जातंतूला, बारीक करंट देऊन त्यातून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजतात ती) रद्द केली, कारण काय तर फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज: करंटच्या टेस्टने नसा जळतात, घराण्यातला आजार रक्तातच कळतो, त्याला औषध नाही मग पैसे कशाला घालवता, बी१२ ची इंजेक्शनं घ्या. पोराचे तळपाय कमानीसारखे उचललेत, धावताना सारखा पाय मुरगळतो, आजोबांचेही पाय तसेच होते. चीड येणार नाही तर काय!

नसा जळत नाहीत. एकेक झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा छोटा असतो. टोचतो, लहान मुलं रडतात, एवढंच.

"रक्तातच कळतो" हे अर्धं खरंय. कुठला जीन बिघडलाय ते एनसीव्ही सांगत नाही, मान्य. पण शार्को-मारी-टूथ, म्हणजे हातापायाच्या नसा कमजोर करणारा, घराण्यात चालणारा आजार, ज्याची इथे शंका आहे, त्यामागे कितीतरी जीन आहेत, शोधायला कुठून सुरुवात करणार? हार्डिंग आणि थॉमस यांनी १९८० साली 'ब्रेन' जर्नलमध्ये दिलेला आकडा डॉक्टर आजही धरतात: हाताच्या मीडियन नर्व्ह या नसेतून स्नायूकडे जाणाऱ्या सिग्नलचा वेग (मोटर वेग) सेकंदाला ३८ मीटरच्या खाली असेल तर नसेचं आवरण बिघडलंय, म्हणजे टाइप १, आणि वेग त्याच्या वर पण सिग्नलच बारीक येत असेल तर टाइप २. नॉर्मल वेग साधारण ५० असतो. टाइप १ए या टाइप १ च्याच उपप्रकारात तो बहुतेकदा २० च्या आसपास, तोही सगळ्या नसांत जवळपास सारखाच कमी, मग आधी पीएमपी२२ जीनचं डुप्लिकेशन (जीनची एक जादा प्रत) तपासतात, जे नुसत्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जीनची अक्षरं वाचण्यात, निसटू शकतं.

आणि "औषध नाही मग कशाला" हे तर घातकच आहे. सीआयडीपी नावाचा आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांच्या आवरणावर उलटते, वरवर असाच दिसतो, पण त्याला स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन असे उपचार आहेत. त्यात वेग बहुतेकदा एका नसेत कमी, दुसरीत ठीक असा असतो, आणि हा फरक एनसीव्हीतच दिसतो. टेस्ट न करता आनुवंशिक म्हणून सोडून दिलं तर बरं होऊ शकणारं माणूस पांगळं होईल. दुसरं, टाइप १ए असलेल्याला कॅन्सरचं व्हिन्क्रिस्टिन दिलं तर हातापायातली ताकद झपाट्याने जाऊ शकते, म्हणून निदान फाईलवर लिहिलेलं असायलाच हवं. फिजिओ, पायाचा स्प्लिंट, गरज पडली तर ऑपरेशन, हेही उपायच आहेत ना?

बी१२ कमी असेल तर जरूर घ्या, त्याने डुप्लिकेशन जात नाही.

टेस्टला जाताना हातापायाला तेल, क्रीम लावू नका, पेसमेकर असेल तर आधी सांगा, आणि हातपाय गार असतील तर गरम करून घ्या, गार हातात वेग उगाच कमी दिसतो.