काकूंना पाण्यात कुणी उतरवलंच नाही

आज सकाळी इंडियन ग्रोसरीच्या रांगेत ओळखीतल्या एक काकू भेटल्या. लाँग वीकेंडला मुलगा-सून त्यांना व्हर्जिनियातल्या हॉट स्प्रिंग्ज गावी, गरम झऱ्यांजवळच्या होमस्टेड या जुन्या हॉटेलात घेऊन गेले होते. "काय काय केलंत काकू?" विचारलं, तर म्हणाल्या, "काही नाही गं, लॉबीत बसले. मोठी आहे लॉबी. खांब छान आहेत." सून स्पामध्ये, मुलगा गोल्फला, नातवंडं पोहायला आणि काकू तीन दिवस खांबांपाशी. मुलगा शेजारीच उभा होता. म्हणाला, "आईचे गुडघे दुखतात ना, म्हणून पाण्यात नको म्हटलं."

तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

काकूंचं माहेर संगमेश्वरकडचं. राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडावर लहानपणापासून अंघोळ केलेली बाई. आणि ज्या पाण्यापायी ते हॉटेल मुळात उभं राहिलं, ते पाणी तिला कुणी दाखवलंसुद्धा नाही. १७६६ साली थॉमस बुलिटने तिथे लाकडी लॉज बांधलं ते गोल्फसाठी नव्हे, झऱ्यांवर येणाऱ्या आजारी माणसांना उतरायला जागा हवी म्हणून. पुढे १९०१च्या आगीत मुख्य इमारत जळाली, पुन्हा उभी राहिली, १९२९मध्ये टॉवर चढला. आपण फोटो काढतो त्या टॉवरचा. पाण्याची आठवण कुणाला होत नाही.

जुनी स्नानगृहं मुख्य हॉटेलपासून पाचेक मैलांवर, वॉर्म स्प्रिंग्ज गावात आहेत. पूर्वी त्यांना जेफरसन पूल्स म्हणत. पुरुषांचं अष्टकोनी, १७६१चं मानतात. बायकांचं १८३६चं सांगतात. लाकडी भिंती, वर उघडं छत, तळाशी दगड आणि त्यांतून बुडबुडे येत राहतात. मोडकळीला आली म्हणून २०१७ला बंद केली होती, दुरुस्त करून २०२२च्या शेवटी उघडली. पाणी साधारण ९८ फॅरनहाइट, म्हणजे ३६-३७ सेल्सिअस. आपल्या अंगाइतकंच. राजवाडीचं पाणी याहून कडक. दोन्हीकडे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल जातं, खाली दर किलोमीटरला २५-३० अंश तापमान वाढतं, तिथे तापून ते दुसऱ्या भेगेने झपाट्याने वर येतं. हे काकूंना सांगितलं असतं तर त्यांनीच नातवंडांना कुंडाच्या चार गोष्टी ऐकवल्या असत्या.

आणि गुडघे! गुडघे दुखतात म्हणून पाण्यात नको? बायकांच्या स्नानगृहात एक खुर्ची जपून ठेवली आहे. अमेरिकी यादवी युद्धातले दक्षिणेचे सेनापती जनरल रॉबर्ट ली यांच्या पत्नीला संधिवाताने चालवत नसे. तिला त्या खुर्चीत बसवून पाण्यात सोडत. माणूस छातीपर्यंत पाण्यात उभा राहिला की पायांवर त्याच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. जमिनीवर चार पावलं टाकताना कळवळणारी बाई पाण्यात निवांत फेऱ्या मारते. दुखत्या गुडघ्यांसाठीच तर दीड-दोनशे वर्षांपूर्वी लोक घोडागाडीतून डोंगर ओलांडून तिथे येत होते.

बरं, मुलालाही वर्षातून मोजून सुट्ट्या मिळतात, त्यालाही मोकळा वेळ हवा. मान्य. पण तीन दिवसांतला एक तास?

वयस्कर माणसाला नेताना काय करायचं ते लिहिते, म्हणजे "आम्हाला माहीत नव्हतं" हे पुढच्या वेळी ऐकायला नको.

कुंडाची वेळ खोलीबरोबरच बुक करा. लाँग वीकेंडला तिथे पोचून वेळ मागाल तर हात हलवत परत याल. कोणती वेळ सगळ्या कुटुंबाला चालते, पोशाखाचा नियम काय, हे तेव्हाच विचारून घ्या. सुती सलवार-कमीज नको. सुती कापड भिजलं की जड होतं, पायात अडकतं, पायरी चढताना माणूस पडतो. पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा टी-शर्ट) आणि पायघोळ स्विम लेगिंग्ज घ्या, एक साइझ मोठी. अंगभर झाकलं जातं, काकू-मावशींचा निम्मा संकोच तिथेच संपतो. तो संकोच पोशाखाचा असतो, पाण्याचा नसतो. "आईच नको म्हणाली" असं सांगणाऱ्यांनी आधी तिच्या हातात हे कपडे ठेवून बघावं. रबरी तळव्याचे पाण्यातले बूटही घ्या, ओले दगड निसरडे असतात.

चांदी घरी ठेवा. पाण्यात थोडा गंधक असतो, चांदी काळी पडते. जोडवी, पैंजण, सगळं. सोन्याला काही होत नाही.

पाण्यात पहिल्यांदा १५ मिनिटं, फार तर २०. आधी एक पेला पाणी प्यायचं, भरल्या पोटी उतरायचं नाही. कोमट पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर दाब आणखी उतरतो. माणूस पाण्यातून एकदम उभा राहिला की डोळ्यांपुढे अंधारी येते. अपघात होतो तो बाहेर पडताना. म्हणून वर येताना पायरीवर दोन मिनिटं बसवा, एकाने खाली आणि एकाने वर हात द्यावा. मधुमेह असेल तर आधी तळपाय नीट बघा. जखम असेल तर उतरायचं नाही. दुखण्याचा पॅच लावलेला असेल तर गरम पाण्यात त्यातलं औषध जास्त वेगाने अंगात जातं, तेव्हा डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. आणि जास्त वेळ म्हणजे जास्त गुण असं समजू नका. अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष खुद्द थॉमस जेफरसन १८१८ साली, वयाच्या ७५व्या वर्षी, तिथे तीन आठवडे राहून दिवसातून तीनदा पाव-पाव तास डुंबत होता. अंगावर गळवं उठली आणि पुढे कित्येक महिने आजारी पडला.

स्पाचं मसाज वेगळं, पण तेही काकूंना का नको? ५० मिनिटांचं साधं, हलक्या हाताचं मसाज घ्या. डीप टिश्यू, म्हणजे जोर लावून खोलवर दाबायचं, नको. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मुळीच नको, काळेनिळे डाग पडतात. फॉर्म आईच्या हातात देऊन निघून जाऊ नका. शेजारी बसून औषधं, ऑपरेशनं, सांध्याची बदली, सगळं भरा. थेरपिस्ट बाई हवी हे बुकिंग करतानाच सांगा. कपडे हवे तेवढेच काढायचे असतात, अंगावर चादर असते, कधीही "थांबा" म्हणता येतं, हे तिला आदल्या रात्री मराठीत सांगा. टीप आधीच बिलात धरलेली असते का, तेही बघा, नाहीतर दोनदा द्याल.

प्रवासाचं थोडक्यात. उत्तर व्हर्जिनियातून चार तास धरा. ८१ नंबरचा हायवे सोडल्यावर ३९ नंबरचा रस्ता वळणावळणाचा आहे. आईला पुढच्या सीटवर बसवा, आलेपाक जवळ द्या. उलटीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांना गुंगी येते, तोल जातो, त्या शक्यतो टाळा. डोंगरात मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधी उतरवून ठेवा. इमारत लांबलचक आहे, खोली लिफ्टजवळची मागा आणि व्हीलचेअर हवी असेल तर आधी कळवा.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. तो मुलगा वाईट नाही. आईला विमानाने आणलं, महागातल्या खोलीत ठेवलं, तिला जपतो म्हणूनच तर पाण्यापासून लांब ठेवलं. पण काकू मला म्हणाल्या, "पाणी गरम होतं म्हणे तिथलं." "म्हणे" म्हणाल्या. राजवाडीच्या कुंडात वाढलेली बाई.

काकूंचं परतीचं विमान महिनाअखेरीला आहे, म्हणजे दोन वीकेंड आहेत. तो मुलगा माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहे, वाचेल. बाळा, सूनबाईंच्या स्पाइतकाच वेळ कुंडावर काढ, तू स्वतः आईबरोबर पाण्यात उतर. रॅश गार्ड मीडियम लागेल, मी आज बघितलंय त्यांना. आणि निघताना जोडवी काढून डबीत ठेवायला सांग.