आगीतून फुफाट्यात

सुहास आला तोच तोंडावर रुमाल धरून. ओठाच्या कोपऱ्यात पाणी भरलेल्या फोडांचा झुपका. दिल्याने रुमाल बाजूला करायला लावला आणि निदान ठोकलं, "नागीण! दोन्ही टोकं जुळली की माणूस खलास."

"नागीण कांजिण्यांच्या विषाणूची," प्रज्ञा म्हणाली. "हा हर्पिस सिम्प्लेक्स. एकाच घराण्यातले चुलत भाऊ. आणि टोकं जुळून कुणी मरत नाही."

"हर्पिस? म्हणजे ते... तसलं?" दिल्याने असा सूर लावला की सुहासने रुमाल पुन्हा वर घेतला. मला दिल्याचा मनापासून राग आला.

"जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पन्नाशीच्या आतल्या ३८० कोटी लोकांत टाइप-१, म्हणजे हाच ओठावरचा, आहे," प्रज्ञा म्हणाली. " बहुतेकांना लहानपणी मिळतो, कुणीतरी लाडाने मुका घेतला म्हणून. आपण पाच जण बसलोय, हिशेबाने तिघांत असायला हवा. लाज कुणी कुणाची काढायची?"

दिल्या गप्प बसला असता तर तो दिल्या कसला. "म्हणूनच काल ग्रुपवर टाकलेल्या गोळ्या घ्या म्हणतो. रोगाशी लढणाऱ्या नॅचरल किलर पेशी दहापट! मी तीन महिने घेतोय."

"गोळ्यांना पैसे आहेत," अविनाश म्हणाला, "सहलीचे मात्र दोन वर्षं थकलेत."

"तो विषय आत्ता कशाला?"

"बरं, राहू दे. पण प्रज्ञा, या किलर पेशींचा एवढा उदो उदो मलाही पटत नाही. खरी लढाई टी पेशींची, प्रतिकारशक्तीच्या कायम फौजेची. एनके, म्हणजे या नॅचरल किलर, नुसत्या हंगामी कामगार."

प्रज्ञा सरसावून बसली. "टी पेशींची फौज उभी राहायला आठवडा लागतो. विषाणू तोवर ताटकळत बसतो का? आणि फौज आल्यावरही तो तिला चकवतो, ते ऐक. आपली पेशी आत बनणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूवर ठेवून बाहेर दाखवते. टी पेशी ते वाचते. हर्पिस आयसीपी-४७ नावाचं छोटंसं प्रथिन बनवतो. तुकडे आत पोचवणारा टॅप नावाचा वाहक आहे, त्याचंच तोंड ते बुजवतं. तुकडा नाही म्हणून एचएलएही वर येत नाही. टी पेशी येते, वाचायला काही सापडत नाही, निघून जाते."

"म्हणजे सुटला की!" दिल्या म्हणाला. तो कोणाच्या बाजूने होता कळेना.

"सुटतोय कुठला! आगीतून फुफाट्यात. एनके पेशी नेमकं तेच चाचपते, एचएलए जागेवर आहे ना? असेल तर हात आवरते. नसेल आणि वर ताणाच्या खुणा दिसल्या, तर परफोरिन नावाच्या प्रथिनाने भोक पाडून ग्रॅन्झाइम हे मारक विकर आत सोडते. पेशी मरते, तिच्याबरोबर विषाणूचा कारखानाही बंद. शिवाय गॅमा इंटरफेरॉन हे इशाऱ्याचं प्रथिन सोडून इतरांना जागं करते ते वेगळंच."

स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत १९७५ मध्ये या पेशींना नाव मिळालं, पण त्या नक्की काय ओळखतात ते उमगायला आणखी दहाएक वर्षं गेली. काय आहे ते नव्हे, काय नाही ते! मला हे आजही थक्क करतं.

अविनाश हटला नाही. "उंदरांत बघायचं झालं तर..."

"उंदराच्या टॅपवर आयसीपी-४७ फारसं चालतच नाही. मग ही लपाछपी उंदरात दिसणार कशी?"

"बरं. ज्या मुलांच्या मेंदूत हर्पिस पोचतो, त्यांतल्या काहींत टीएलआर-३, म्हणजे विषाणूची चाहूल घेऊन इंटरफेरॉन बनवायला लावणारं प्रथिन, त्याच्या वाटेत दोष सापडला. एनके ठणठणीत होत्या!"

प्रज्ञा क्षणभर थांबली. "हे बरोबर आहे तुझं. मेंदूतल्या पेशींना स्वतःचंच इंटरफेरॉन लागतं. पण १९८९ मध्ये नोंदवलेली ती किशोरवयीन मुलगी घे. तिच्यात एनके पेशीच नव्हत्या. आधी कांजिण्यांनी जिवावर बेतलं, मग सायटोमेगॅलो विषाणूने, मग हर्पिस सिम्प्लेक्सने. सगळे याच घराण्यातले. हंगामी कामगार नसले की काय होतं, ते बघ."

अविनाशकडे उत्तर नव्हतं. सुहासने मात्र पहिल्यांदा तोंड उघडलं. "माझ्यात त्या आहेत ना? मग हा जात का नाही?"

"कारण तो कवटीच्या तळाशी, चेहऱ्याच्या चेतापेशींत दडून बसलाय. तिथे प्रथिनं जवळजवळ बनवतच नाही, मग दिसणार काय? ओठावर आला की पकडतात. तू डॉक्टरकडे जा, असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध लवकर सुरू केलेलं बरं. फोडाचा हात डोळ्याला लावू नकोस. आणि तान्ह्या बाळाचा मुका अजिबात नाही, त्यांच्या एनके पेशी अजून कच्च्या असतात."

"आणि माझ्या गोळ्या?" दिल्या.

"थांब, त्या पेशी गैरहजेरी ओळखतात ना?" अविनाश म्हणाला. "मग पैसे गोळा करायच्या दिवशी याच्यामागे सोडा!"

प्रज्ञाला हसू आवरेना. दिल्या "व्याजासकट देतो" म्हणत उठला, त्यावर आणखी हशा. हसताना फोड ताणला जाऊन सुहास कळवळला, पण रुमाल त्याच्या मांडीवरच राहिला.