'पोर्ट फॉरवर्ड केलंय ना, मग झालं!' नाही झालं

ठाणे-नवी मुंबईतल्या नेटवर्कवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मेल सर्व्हरला पोर्ट २५ फॉरवर्ड करा, जाणारा मेलही त्याच आयपीवरून जातो. वेगळा नॅट नियम कशाला? मेल परत आलेच तर एसपीएफमध्ये दुसरा आयपीही टाका. तरी जमलं नाही तर दोष लाइनवाल्याचा.'

(पोर्ट २५ म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार; नॅट म्हणजे आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लावणं.) गडबड पहिल्याच वाक्यात आहे. पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून आलेलं आतल्या सर्व्हरकडे वळवणं, लागू होतो बाहेरून सुरू झालेल्या कनेक्शनला. त्याची उत्तरं त्याच आयपीवरून परत जातात, म्हणून दोन्ही वाटा जुळल्यासारख्या वाटतात. पण आपला सर्व्हर जीमेलला मेल द्यायला स्वतः निघतो तेव्हा ते नवं कनेक्शन असतं. फॉरवर्डचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्याला गाठतो ऑफिसभराचा मास्करेड, म्हणजे सगळ्यांना एकाच पत्त्याने बाहेर पाठवणारा नॅट नियम, आणि तो लावतो वॅन पोर्टचा (फायरवॉलच्या इंटरनेटकडच्या बाजूचा) मुख्य पत्ता. समजा सर्व्हरसाठी २०३.०.११३.१० घेतलाय, तर मेल निघतो २०३.०.११३.२ वरून (पुढे नुसतं .१० आणि .२).

महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेच पाहिलं. येणारे मेल सुरळीत, त्यामुळे फायरवॉलवर कुणाचा संशयच नाही. जीमेलला पोचलेल्या एका मेलचं मूळ रूप उघडून 'रिसीव्हड'च्या ओळी वाचल्या, तर तिथे .२ बसलेला. (वन-टू-वन नॅट, म्हणजे एक बाहेरचा आयपी एकाच सर्व्हरला पूर्ण जोडलेला, असेल तर मात्र मेसेज खरा ठरतो, तो दोन्ही दिशांनी चालतो.)

आता एसपीएफ, म्हणजे आपल्या डोमेनचा मेल कुठल्या आयपींवरून येऊ शकतो याची डीएनएसमधली यादी. दुसरा आयपी लिहिला की एसपीएफ पास होतो, मान्य. पण पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएस नोंद) हवा आणि त्या नावावरून परत तोच आयपी मिळायला हवा, हे जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सगळ्यांनाच लावलंय. पीटीआर आयपी देणाऱ्याकडूनच करून घ्यावा लागतो, आणि आपण तो घेतलेला असतो .१० साठी. त्याहून वाईट म्हणजे .२ वर अख्खं ऑफिस बसलेलं. अकाउंट्सच्या एखाद्या पीसीत स्पॅम पाठवणारा व्हायरस शिरला की ब्लॅकलिस्टमध्ये जाणार .२, आणि त्याच्याबरोबर साहेबांची कोटेशनंही. त्यापेक्षा सर्व्हर सोडून बाकी सगळ्यांचं बाहेर जाणारं पोर्ट २५ बंद करा. आउटलुकला ५८७ किंवा ४६५ पुरतं.

लाइनवाला, म्हणजे इंटरनेट कंपनी, कधीकधी खरंच २५ अडवतो. पण सर्व्हरसाठी वेगळा सोर्स नॅट (बाहेर जाताना पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणारा नियम) लावूनही फरक पडला नाही, तर आधी क्रम बघा. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली तपासतात आणि पहिला जुळला की थांबतात. 'सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावरून पोर्ट २५ कडे जाणारं सगळं .१० म्हणून पाठव' हा नियम मास्करेडच्या खाली असेल, तर त्याची पाळी येतच नाही.

तेही ठीक असेल तर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती व्ही४) तपासा. ते चालू असलं की मेल नॅटला वळसा घालून थेट निघू शकतो. त्या पत्त्याला पीटीआर नसेल, तर पोस्टफिक्सला (मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर) फक्त व्ही४ वर ठेवा.