‘एक्स्ट्रापोलेशन’ ही तालीम नव्हती

सध्या एक मजकूर फिरतोय: जॅझ-फ्यूजन, म्हणजे जॅझ आणि रॉकचा मेळ, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’ या अल्बमपासून सुरू झालं, गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिनला माइल्सनेच घडवलं, मॅकलॉफ्लिनचा त्याआधीचा ‘एक्स्ट्रापोलेशन’ हा अल्बम म्हणजे नुसती तालीम, आणि त्यातल्या अवघड लयी आपल्या तालांतून आलेल्या.

आधी तारखा. ‘एक्स्ट्रापोलेशन’ लंडनच्या ॲडव्हिजन स्टुडिओत १८ जानेवारी १९६९ला ध्वनिमुद्रित झाला. ‘बिचेस ब्रू’चं ध्वनिमुद्रण त्याच वर्षी ऑगस्टमधलं. पण म्हणून पहिलेपणाचा मान ‘एक्स्ट्रापोलेशन’लाही देऊ नका. लॅरी कोरिएलची गिटार असलेला गॅरी बर्टनचा ‘डस्टर’ हा अल्बम १९६७चा आहे, आणि जॅझ-रॉकचा मेळ त्यातही आहे.

घडवण्याचं म्हणाल तर १९६३मध्येच मॅकलॉफ्लिन ग्रॅहम बाँडच्या ताफ्यात बासवादक जॅक ब्रूस आणि ड्रमर जिंजर बेकरबरोबर वाजवत होता. त्याला न्यूयॉर्कला बोलावलं ते ड्रमर टोनी विल्यम्सने, स्वतःच्या ‘लाइफटाइम’ या बँडसाठी. ‘एक्स्ट्रापोलेशन’मधली ‘स्पेक्ट्रम’ ही धून लाइफटाइमने त्याच वर्षी ‘इमर्जन्सी!’ या अल्बममध्ये वाजवली. फेब्रुवारीत स्वतःच्या ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणावेळी माइल्सने त्याला सांगितलं, की गिटार येतच नसल्यासारखी वाजव. ज्याच्या हातात गिटार पुरती मुरली आहे त्यालाच हे सांगण्यात अर्थ!

आता ‘तालीम’. इथे मला खरा राग येतो. जॉन सरमनचा बॅरिटोन आणि सोप्रानो सॅक्सोफोन, ब्रायन ऑजर्सचा बास, टोनी ऑक्स्लीचे ड्रम्स आणि मॅकलॉफ्लिनची गिटार; पियानो मात्र नाही. ती मोकळी जागा गिटार कधी सुरावटींनी भरते, कधी तशीच सोडते. काही धुना मध्ये न थांबता पुढच्या धुनेत शिरतात. ‘आर्येन्स बॅग’ अकरा मात्रांची आहे, पण मोजायला बसलं नाही तर कळतही नाही, इतकी ती गाते. पुढे तीच धून ‘फॉलो युअर हार्ट’ या नावाने मॅकलॉफ्लिनच्या ‘माय गोल्स बियॉन्ड’ या अल्बममध्ये आली. गोंधळ होतो तो आवाजाच्या पातळीमुळे: ऑक्स्ली रॉकसारखा ठोकत नाही, म्हणून लोकांना हे साधं जॅझ वाटतं. अमेरिकेत हा अल्बम १९७२मध्ये आला, तोवर बाजारपेठ ‘बिचेस ब्रू’ने उघडली होती, हे मात्र खरं.

राहिले आपले ताल. अकरा मात्रा म्हटलं की आपल्याकडे लगेच रुद्र ताल आठवतो. पण नुसत्या मात्रा जुळल्याने ताल होत नाही. विभाग लागतात, ठेका लागतो, समेवर येणं लागतं. ऑक्स्लीच्या वादनात यातलं काही नाही. विषम मात्रा जॅझमध्ये आधीपासून होत्या. डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीचं पाच मात्रांचं ‘टेक फाइव्ह’ १९५९चं. मॅकलॉफ्लिन वीणा शिकला तो अमेरिकेत गेल्यावर, वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे. झाकिर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबरचा ‘शक्ती’ हा बँड त्यानंतरचा. ताल ऐकायचे तर तिथे ऐका.